पाणी कुठवर येतं?

आमच्या वाडीत मोठेपणा पुराच्या पाण्यावरून ठरायचा. एकानं म्हटलं, आमच्या अंगणात कमरेएवढं आलं, की दुसरा लगेच छातीला हात लावायचा. वसईतली खाडीकाठची माणसं आम्ही, मिरवायला दुसरं होतं काय? केळी तर सगळ्यांकडेच होती!

नव्वद साली आम्ही नवं घर बांधायला काढलं. परवानगीसाठी जागा बघायला साहेब आले. म्हणाले, "पूर आला की इथं पाणी कुठवर चढतं?" जोतं त्याच्यावर हवं, असा नियम. पण नियम ऐकून घ्यायला धीर कुणाला? आमच्या बाबानं थेट गळ्याला हात लावला. "इथवर पानी, साहेब!"

"मग जोतं तुमच्या डोक्याएवढं घ्यावं लागेल."

आईचा चेहराच पडला. तिला बुटका ओटा हवा होता. पाय सोडून बसायचं, वाल सोलायचे, बाजाराला निघालेल्या बायकांना हटकायचं. गुडघे असे दुखायचे, की त्या उंचीवर एकदा चढली असती तर पुन्हा खाली उतरली नसती.

"घर बांधताय की मला माळ्यावर टाकताय?" एवढंच बोलली आणि आत गेली. मला बाबाचा असा राग आला, की वाटलं, त्यालाच जोत्यात भरावा!

साहेब निघाले. फाटकाशी अख्खी वाडी कान टवकारून उभी. बाबानं एकदा त्या लोकांकडे बघितलं, एकदा घराच्या दाराकडे. मग ओरडलाच, "साहेब, थांबा! घोट्याएवढंच येतं हो!"

"आँ? मग पुरात पोहून म्हैस वाचवलीस ती?" शेजारचे काका. ही गोष्ट बाबा प्रत्येक लग्नात सांगायचा.

"चालत आली," बाबा पुटपुटला. "मी नुसती दोरी धरलेली."

लोक हसून हसून खाली बसले. साहेबांनी, आधीच करायला हवं होतं ते आता केलं. जुन्या घराच्या भिंतीवरची पुराच्या पाण्याची खूण वाकून बघितली आणि दोन पायऱ्यांचं जोतं मंजूर केलं.

बाबा केळीत जाऊन तोंड लपवून बसला. आई चहा घेऊन गेली, मागोमाग मीही.

"सगळी अब्रू गेली," तो म्हणाला. "आता लोकांना काय सांगू?"

"दोरी धरली होती, हेच सांगा," आई म्हणाली. "मागून म्हशीला ढकलत कोण होतं, ते मी इतकी वर्षं सांगितलं का कुणाला?"