तिच्या हातचा घास

आईचं अर्धं अंग लुळं पडल्यापासून तिचं करायला ठेवलेली बाई रोज सकाळी आमच्या चिमूरच्या घरी येते. आल्या आल्या कोपरापर्यंत हात धुते, आंबिलीच्या वाटीवर चमचा दोनदा वाजवते आणि म्हणते, "चाल व माय, आ कर." आई लगेच तोंड उघडते. माझ्या आईला ती माय म्हणते, हे मला पहिल्या दिवसापासून खुपतं.

रानात मोहफुलं पडायला लागली तशी आठ दिवसांची सुटी घेऊन ती फुलं वेचायला आपल्या गावी गेली. मला मनातून बरंच वाटलं. मी तिच्यासारखीच पातळ आंबील केली, तसाच चमचा वाजवला. आईनं ओठ घट्ट मिटले आणि दाराकडे बघत राहिली.

"मी तुह्या पोटची पोरगी आहो न!" मी ओरडले, आणि मोरीत जाऊन रडले.

चौथ्या दिवशीच ती परत आली. पदरात बांधून आणलेली मोहफुलं तिनं आईच्या उशाशी ठेवली.

"काऊन आल्या इतक्या लवकर?" मी तुटकपणे विचारलं.

हात धुता धुता ती म्हणाली, "गावाले माही माय खाटेवर हाय, ताई. मी इकडे रायतो, त शेजारीण भरवते तिले. आता तिच्याच हातचं खाते जी. मी भरवलं त थुकून टाकलं."

मग तिनं चमचा दोनदा वाजवला. माझ्या आईनं तोंड उघडलं.

तिचा राग मला अजूनही येतो. पण त्याहून जास्त येतो तो त्या कधी न पाहिलेल्या शेजारणीचा.