गुरुवारपर्यंत शेकू नको

जिन्याखालच्या कोनाड्यात एक लाकडी टेबल, त्यावर जुन्या चादरींच्या घड्या आणि घड्यांवर निखाऱ्यांची पितळी इस्त्री. एवढ्यावर त्या बाईनं आपला संसार रेटला, नवऱ्यामागं लेक वाढवली, लग्न करून दिली. लोक तिला कडककाकू म्हणत. स्वभावावरून नव्हे, स्वभाव लोण्यासारखा. नाव पडलं ते तिनं इस्त्री केलेल्या कपड्यांवरून.

शाळेतले मास्तर म्हणायचे, "काकू, तुम्ही इस्त्री केलेल्या सदऱ्याच्या कडेनं बोट कापलं की हो माझं."

"मग भाजी चिरा त्यानं, मास्तर. बायको तरी खूश होईल."

असं बोलता बोलता तिचा हात मास्तरांच्या कॉलरकडं गेलेला असायचा. चुरगळलेलं काही दिसलं की तो हात गप्प बसायचाच नाही. रस्त्यानं चाललेल्या परक्या माणसाचीही बाही ओढून सारखी करायची. लोक हसायचे, तीही हसायची. हाताला खोड आहे, म्हणायची.

एका शनिवारी भरदुपारी तिची लेक आली. पायांत चप्पल नव्हती. खांद्यावर दोन वर्षांच्या छकुलीचा ओला फ्रॉक होता, छकुली नव्हती.

"धुणं वाळत घालत होते," लेक म्हणाली. "नवऱ्यानं मागून मारलं. काठीनं."

"आणि पोर?"

"सासूनं कडेवर घेतली आणि दार लावून घेतलं."

काकूनं लेकीला आतल्या खोलीत नेलं, पाठ उघडी केली. पाहिलं आणि डोळे मिटले. जांभूळ चिरडावं तशी पाठ झाली होती.

दवाखान्यातली सिस्टर तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. पांढरे कपडे न्यायला आली, तिनंही पाहिलं. ती सावकाश म्हणाली, "काकू, नात परत हवी ना? मग हे वळ डॉक्टरांनी बघून लिहायला हवेत. तोंडी सांगण्याला कोण विचारतंय? सरळ मोठ्या इस्पितळात जा. आणि डॉक्टर बघेपर्यंत तेल नको, शेक नको. आहे तसं दिसू दे."

दोघी लगोलग गेल्या. खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, "मारहाणीची तपासणी करणाऱ्या बाई गुरुवारी येतात. आणि आधी चौकीची चिठ्ठी आणा."

चौकीतला जमादार म्हणाला, "आधी डॉक्टरांचं लिहून आणा, मग चिठ्ठीचं बघू."

पुन्हा इस्पितळ, पुन्हा चौकी. टोलवाटोलवीत ऊन उतरलं. शेवटी जमादारानं कंटाळून चिठ्ठी दिली, पण डॉक्टरबाई काही गुरुवारच्या आधी येणार नव्हत्या.

"वळ पळून नाही जात," खिडकीतला म्हणाला.

लेक घरी येऊन कुशीवर पडली. पाठ टेकवता येईना. तिनं आईला एकच सांगितलं, "आई, शेकू नकोस हं. माझी पोर आहे या पाठीत."

रविवार असाच गेला. काकूनं छकुलीचा फ्रॉक वाळवला, इस्त्री केली, घडी घातली. पुन्हा उलगडला, पुन्हा इस्त्री केली. हाताला काहीतरी हवं होतं.

सोमवारी दुपारी ती टेबलाशी उभी होती. मागं चटईवर लेक डोळे मिटून पडलेली, झोपेतच कण्हत होती. लहानपणी तापात कण्हायची, तशीच. काकूनं इस्त्री उचलली, खाली ठेवली. कुणाचा तरी लेंगा पुरा केला. लेक पुन्हा कण्हली.

मग काकूनं जुन्या चादरीच्या तुकड्याची घडी केली, इस्त्रीखाली धरली, आपल्या गालाला लावून पाहिली आणि अलगद लेकीच्या पाठीवर ठेवली. कण्हणं थांबलं. तिनं घडी पुन्हा गरम केली. मंगळवारीही, बुधवारीही, लेकीचा डोळा लागला की तिचा हात घडीकडं जायचा. एकदाच, म्हणायची, आणि पुन्हा घडी गरम करायची.

गुरुवारी डॉक्टरबाई आल्या. बाई चांगल्या होत्या. पडदा ओढला, हात धुतले, विचारून मगच पाठीला हात लावला. बराच वेळ पाहत राहिल्या.

"शनिवारचं म्हणता?"

"हो."

"हिरवट-पिवळं पडलंय. खुणा आहेत, पण फिकट आहेत. कशानं झालं ते आता नीट सांगता येणार नाही. मला दिसतं तेवढंच लिहावं लागतं हो."

काकू कोपऱ्यात उभी होती. तिचे हात एकमेकांत घट्ट अडकलेले. "बाई," ती म्हणाली, "मी शेकलं."

डॉक्टरबाईंचा पेन थांबला. "शेकून एवढं जात नाही, आजी. दिवस गेले, त्यानं गेलं. शनिवारीच बघायला हवं होतं कुणीतरी."

त्यांनी ते मनापासून सांगितलं. काकूच्या कानांत मात्र शिरलं नाही.

चौकीत जमादारानं कागद वाचला. "फिकट, बरे होत आलेले. एवढ्यावर कुणाच्या घरातून मूल कसं उचलून आणू? कोर्टात जा. नाहीतर समजुतीनं घ्या, परत जा. पोर तिथंच आहे तुमची."

दोघी घरी आल्या. काकू टेबलाशी बसली. निखारे विझले होते. तिनं आपले दोन्ही तळवे पुढं धरले, परक्याचे असावेत तसे पाहिले.

"याच हातांनी तुझी पोर घालवली मी," ती म्हणाली. "तू नको म्हणाली होतीस. तू झोपलीस आणि मी..."

"झोपले नव्हते, आई."

काकूनं वर पाहिलं.

"एकदाही नाही. तू गालाला लावून बघायचीस, तेही कळायचं. नको म्हणायचं होतं गं. पण लग्न झाल्यापासून असा हात कुणी लावला नव्हता. तोंडातून शब्दच निघेना."

लेकीनं छकुलीचा फ्रॉक मांडीवर घेतला. त्याला एकही सुरकुती नव्हती. दोघी त्याच्याकडं बघत राहिल्या. बाहेरून मास्तरांनी सदऱ्यासाठी हाक मारली. मग पुन्हा मारली.