व्हिसावर लिहिलं होतं घरकाम

केजच्या स्टँडवर मला सोडायला तिघं आली होती. माय, आबा आणि थोरला भाऊ नामदेव. नामदेवचा पाय प्लास्टरात, म्हणून तो जीपमधून उतरलाच नाही. माझ्या डोक्याला सहा टाके होते, वर टोपी. टोपी टाक्यांना घासत होती, पण काढली असती तर सगळ्या स्टँडनं विचारलं असतं.

मायनं आधी मला जवळ घेतलं आणि मग पाठीत दोन बुक्क्या घातल्या. "मरायचंच हाय तर हितं मर की! लांब कावून?" म्हणाली. आबा रस्त्याकडं बघत एवढंच बोलले, "तिकडं कुणावर हात उचलू नको. हितं आमी मधी पडलो. तिथं कोण पडंल?"

झालं होतं असं. युसूफ वडगावच्या शिवारात एका शेतकऱ्यानं खतासाठी आमची मेंढरं रानात बसवायला बोलावलं होतं. त्याचं आणि शेजारच्या भाऊबंदाचं बांधावरून वैर. ते आम्हाला काय माहीत? मी निघायच्या आठ दिवस आधी, भर दुपारी, तो भाऊबंद चार माणसं घेऊन आला. "तूर खाल्ली," म्हणत त्यांनी दोन मेंढ्या कुऱ्हाडीनं तोडल्या. नामदेव आडवा गेला तर त्याच्या नडगीवर लोखंडी गज घातला. माझं डोकं फुटलं तेव्हा दुखलंच नाही, फक्त डोळ्यात गरम काहीतरी आलं. मी काठी फिरवली आणि एकाचा हात मोडला. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तो आवाज मला आवडला. हे आजवर मी कुणाला सांगितलं नाही, आता लिहितोय.

जाणत्या माणसांनी दोन्हीकडच्यांना बसवून मिटवलं. पण मोडलेला हात बरा झाला की परत येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या व्हिसाचं आधीच चाललं होतं. तो आला आणि मी निघालो.

आता त्या व्हिसाचं सांगतो. तुमच्यातले बरेच जण निघायच्या तयारीत असतील, म्हणून मुद्दाम सांगतो. मी आठवीत शाळा सोडली. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर अशी नोंद असते. म्हणजे काही देशांत कामाला जाण्याआधी सरकारची परवानगी लागते. मला ती नोंद म्हणजे कमीपणा वाटायची. एजंटानं ओळखलं असावं.

"तुझ्या शिक्क्यावर हाच व्हिसा निघतो," तो म्हणाला. "घरकाम येतं का बे तुला?"

"मेंढरं राखायचीत म्हनला व्हता ना?"

"मेंढरंच राखायचीत. कागदावर घरकाम असतंय. एकच हाय ते."

आणि मला ते एकच वाटलं. गवंडी असता तर थांबला असता, ड्रायव्हर असता तर भांडला असता. पण वर्षाचे आठ महिने आमचं घर मेंढरांमागं चालतं. घोड्यावर खाट, खाटेवर भांडी, भांड्यांत कोंबडी, तिच्या शेजारी तान्हं पोर. मेंढरू वेगळं आणि घर वेगळं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. मी खुशीत सही केली. एवढ्या बिनघोर मनानं ती आमच्यासारख्यांनीच करावी.

सौदीत उतरल्यावर कळलं. कंपनीच्या शेतावर मजूर म्हणून गेला की कामगारांचा कायदा तुमच्यामागं उभा राहतो. घरकाम म्हणून गेला की तुम्ही मालकाच्या घरातले. तक्रारीची खिडकी वेगळी, नियम वेगळे. आणि माझं घर कसलं, तर वाळूत एक तंबू, प्लास्टिकची पाण्याची टाकी, आणि नजर पोचेल तिथवर एकही झाड नाही. मालकाला इकडं कफील म्हणतात. तो शहरात. इथं त्याचा कारभारी, मुदीर, आठवड्यातून दोनदा चारा घेऊन यायचा. माझा पासपोर्ट त्यानं विमानतळावरच घेतलेला.

इकडं राहायला इकामा लागतो, म्हणजे राहण्याचं कार्ड. तो तीन महिन्यांत कफीलनं काढून द्यायचा असतो. कार्ड नाही तर मी कोण? कुणीच नाही. म्हणून मुदीर आला की मी विचारायचो, "इकामा?" पहिल्यांदा हसला. दुसऱ्यांदा थुंकला. तिसऱ्यांदा गाडीतून रबरी पाइप काढून माझ्या पाठीवर चालवला. पाइपचा वळ आधी पांढरा उठतो, मग लाल होतो. मी हात उचलला नाही. मेंढरं बघत होती, मला त्यांचीच लाज वाटली.

पाण्याचा टँकर घेऊन सलीमभाई यायचे. मूळचे हैदराबादचे. केजच्या बाजारात बकऱ्यांच्या व्यापाऱ्यांशी बोलून मला दखनी येत होती, म्हणून त्या वाळूत मला बोलायला माणूस मिळाला. माझी पाठ बघून ते म्हणाले, "कित्ते दिनां हुए आके?"

"परसों तीन महिने हो गए."

"हौला है रे तू, येडा! तीन महिने में इकामा नै बनाया, तो तू दूसरे कफील के पास जा सकता. कानून है. पन सुन, दो कामां नक्को कर. हाथ नक्को उठा, और ये जगा छोड के नक्को भाग. भागा तो हुरूब डालता उनो."

हुरूब म्हणजे कामगार पळाला अशी तक्रार. ती लागली की बदली नाही, दुसरं काम नाही. पकडतात आणि घरी पाठवतात, परत यायची वाट बंद. माझं सगळं आता त्या एका शब्दावर टांगलं होतं.

पुढच्या खेपेला मुदीर आला तो तापूनच. सलीमभाईंनी कफीलला फोन करून इकाम्याचं विचारलं होतं. मुदीरनं मला तंबूबाहेर ओढलं. पाइप तोंडावर बसला, दात हलला. मी खाली पडलो तसा तो समोरच्या मेंढीकडं वळला. ती विण्याच्या बेतात होती. तिच्या पोटात त्यानं बुटाची लाथ घातली. ती बसली ती उठेना.

त्यानंतर माझ्या हातात तंबूचा लोखंडी खांब होता आणि मुदीर वाळूत उताणा होता. मधलं मला आठवत नाही. त्यानं हात वर केलेला. मनगट बारीक, त्यावर घड्याळ. मला तो आवाज पुन्हा पाहिजे होता. लई पाहिजे होता. आबांचं बोलणं ऐकू आलं असं लिहिलं तर छान दिसेल, पण खरं तर मेंढी कण्हली आणि माझी नजर हलली. खांब खाली आला तो शेजारच्या टाकीवर. टाकी उभी फाटली. सगळं पाणी वाळूत गेलं, आणि मेंढरं धावत येऊन ओली वाळू चाटायला लागली.

मुदीर उठून गाडीकडं पळाला. जाताना ओरडला, "हुरूब! हुरूब!"

तो मंगळवार होता. टँकर गुरुवारी. डांबरी रस्ता पायी अर्ध्या दिवसावर होता. चालत गेलो असतो तर वाचलो असतो आणि त्याचं बोलणं खरं झालं असतं. खरं सांगायचं तर कायदा तेव्हा डोक्यात नव्हता. माझ्या हातानं पाणी सांडलं होतं, आणि कळप उघड्यावर टाकून राखणारा निघून जातो, असं आमच्यात कुणी केलेलं मी बघितलं नव्हतं. माझ्याकडं पिण्याच्या पाण्याची एक कॅन होती. ती मी आणि त्या मेंढीनं वाटून घेतली. तहानलेलं मेंढरू आधी ओरडतं, मग ओरडायचं थांबतं. थांबलं की समजायचं. बुधवारी संध्याकाळी मेंढी मेली, पोटातल्या पिलासकट. गुरुवार उजाडेपर्यंत आणखी काही मेंढरं गेली. त्यांना मुदीरनं मारलं नाही, मी मारलं. हे माझ्यावरच राहील.

टँकर आला. सलीमभाईंनी बादल्या भरून आधी मेंढरांना पाजलं, मग मला शिव्या दिल्या. पाणी पोचल्याची पावती पुढं केली तशी मी देवनागरीत सही केली, अंकुश. त्यांनी माझ्या पाठीचे, फाटक्या टाकीचे फोटो काढले आणि कफीलला बोलावून घेतलं. तो आला, मेलेली जनावरं बघून मला वाट्टेल ते बोलला. मी कळप त्याच्या हवाली केला, मगच टँकरमध्ये चढलो.

तक्रारीच्या पहिल्या खिडकीवर सांगितलं, "तुझा घरकामाचा व्हिसा, इथं नाही." दुसऱ्या खिडकीवर कळलं की हुरूब पडलेला आहे, मंगळवारी पळाला म्हणून. सलीमभाईंनी पावती ठेवली. तारीख गुरुवारची, जागा तीच, आणि सही कुणालाच वाचता येईना. तिथल्या माणसानं ती पासपोर्टवरच्या सहीशी लावून बघायला मुदीरकडून पासपोर्ट मागवला. सही जुळली. त्यानं दुभाष्याकडून विचारलं, "पाणी नव्हतं, मग हा खरोखर का पळाला नाही?" मी म्हणालो, "मेंढरं व्हती की." दुभाष्यानं काय सांगितलं देव जाणे, तो माणूस हसला आणि कागद पुढं ओढून लिहायला लागला. हुरूब उठला. कफील बदलून मिळाला.

याला आता चार वर्षं झाली. मोठ्या गोठ्यावर आहे, पत्र्याची सावली आहे, नळ आहे. कार्डावर पशुपालन कामगार असं लिहिलंय. पोलिसांची गाडी दिसली की हात आपोआप खिशातल्या कार्डावर जातो. नूतनीकरणाच्या महिन्यात मला जेवण जात नाही. सलीमभाईंना दर शुक्रवारी फोन करतो. ते म्हणतात, "कित्ता शुक्रिया करता रे, कान पक गए!"

गावाकडचे फोन येतात, एखादा व्हिसा बघ म्हणून. मी सांगतो, काम कोणतं लिहिलंय ते दुसऱ्याकडून वाचून घ्या, इकामा कोण काढणार ते विचारा, कागदाचा फोटो घरी ठेवा. "लई शाना झाला बे तू," म्हणतात. म्हणू द्या.

नामदेव लंगडत का होईना, मेंढरांमागं जातो. त्यानंच परवा सांगितलं. ज्याचा हात मी मोडला त्याच्या घरचं कुणीतरी पिठाच्या गिरणीत मायला ऐकू जाईल असं बोललं, "अंक्या भिऊन पळाला." मायनं पिठाचा डबा खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "कामाला गेलाय. यील."

इकडं मी दोन दिवस जागचा हललो नव्हतो तरी माझ्या नावावर पळाल्याची नोंद पडली. तिकडं मी सगळं टाकून आलो, आणि मायनं ती नोंद अजून पडू दिलेली नाही.