बाबांची नक्कल आणि लांब दांड्याची चावी

तुम्हाला वाटलं असेल, इंजिनिअरिंगच्या पोराने लिहिलंय म्हणजे आता हॉस्टेल येणार, कँटीन येणार, एक मुलगी येणार आणि शेवटी प्रोजेक्टला पहिला नंबर. बसा आरामात. हॉस्टेल नाही, कारण मी आमच्या ओवे गावातून खारघरच्या कॉलेजला चालत जायचो. मुलगी आहे, पण ती मला पहिल्या दिवसापासून दादा म्हणायची. नंबर मात्र आला, पहिलाच आला, आणि तो आला नसता तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. कारण ही माझ्या बाबांच्या डोळ्यांची गोष्ट आहे.

बाबा गावचे वॉलमन. पहाटे टाकीखालच्या खड्ड्यात उतरायचं आणि लोखंडी चाकं फिरवून एकेका आळीला पाणी सोडायचं. कुठलं चाक कुठल्या आळीचं ते त्यांना पाठ. आम्ही झोपेत असायचो तेव्हा त्यांचं निम्मं काम उरकलेलं असायचं.

शेवटच्या वर्षाला सरांनी एक नवीनच प्रकार काढला. म्हणाले, वस्तू नंतर, माणूस आधी. ज्याच्यासाठी बनवायचंय तो एक खराखुरा माणूस धरा. मग ग्रुपने गोल बसायचं, हातात पिवळ्या चिकटणाऱ्या चिठ्ठ्या, सुचेल ते लिहायचं आणि भिंतीवर चिकटवायचं. नियम एकच. कुणाच्याही आयडियाला नाही म्हणायचं नाही. सर हे नाकातून सांगायचे, "नोऽ म्हणायचं नाऽऽही." मी ते इतकं हुबेहूब करायचो की एकदा दाराबाहेरून शिपाई "आलो सर" म्हणून आत आला.

आमच्या ग्रुपने माझ्या बाबांना धरलं. पहिले कितीतरी वेळ आमचा लीडर प्रत्येक चिठ्ठीवर मोबाईल ॲपच लिहीत होता. बाबांकडे साधा फोन होता, तोही ते कानाला उलटा लावायचे. सर येऊन भिंत बघून म्हणाले, "बसून काय होणार? तो माणूस व्हा. करून बघा." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला काय, आमंत्रणच.

मी रुमाल खांद्यावर टाकला आणि बाकाखाली उतरलो. तो खड्डा. चाकांवरून तळहात फिरवत गेलो, एक चाचपलं, सोडलं, दुसरं चाचपलं. कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान एका बाजूला वळवली. मग चाक फिरवलं, वर आलो आणि कमरेवर हात ठेवून ओरडलो, "आई गंऽऽ, कंबर गेली माजी!"

वर्ग आडवा झाला. आता खरं सांगतो, हे शेवटचं बाबा कधीच म्हणाले नव्हते. त्यांची कंबर माझ्यापेक्षा धड होती. पण नकलेला शेवटी एक डायलॉग लागतो, नाहीतर हशा येत नाही.

"कंबर!" लीडर उडालाच. "प्रॉब्लेम मिळाला रे!" आणि कमरेच्या चिठ्ठ्यांचा नुसता पाऊस पडला.

ती दादा म्हणणारी मात्र हसत नव्हती. "दादा, ते चाकांवरून हात का फिरवतात? आणि मान अशी वाकडी का?"

"स्टाईल आहे ती," मी म्हटलं. "हिरो आहेत आमचे बाबा."

पुन्हा हशा. सरांच्या नियमाप्रमाणे मी तिला नाही म्हटलंच नव्हतं. पण तिने लिहायला उघडलेलं पेन बंद केलं.

मतदान झालं, जिंकली लांब दांड्याची चावी. खड्ड्यात उतरायला नको, वाकायला नको, वरून उभ्याउभ्याच चाक फिरवायचं. वर्कशॉपमध्ये वेल्डिंग केलं, निळा रंग दिला. सर म्हणाले, आता त्या माणसाला विचारून या.

रविवारी ग्रुप घरी आला. आईने बोंबील तळले, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. लीडर म्हणाला, "काका, हा वर्गात तुमची काय नक्कल करतो!" बाबा खूश. मग तो प्रश्नांवर आला.

"काका, कंबर दुखते ना?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी भाकरीकडे.

"दुखते ना," बाबा म्हणाले. "लय दुखते."

"मग ही चावी कशी वाटली?"

"झकास हाय. जेवा तुमी, लाजू नका."

पोराचे मित्र घरी आलेत, हाताने काहीतरी करून आणलंय, आणि बाबा त्यांना वाईट म्हणणार? सरांचा तो नियम बाबा जन्मभर पाळत आले होते.

नंबर आला. बाबा रोज तीच चावी घेऊन जायला लागले. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, की त्यांची नजर कडांनी आत आत मिटत चालली होती आणि ते चाकं हातानेच ओळखत होते. चावीने त्यांचा हातच चाकांवरून काढून घेतला. वरून अंधारात दांडा घालून ते अंदाजाने फिरवत राहिले. पोराने केलीय म्हणून टाकवेना, दिसत नाही म्हणून सांगवेना.

मग एका पहाटे चुकलं. जिथे हळद होती त्या घराला पाणीच नाही आणि पलीकडच्या आळीत रस्त्यावर लोंढा. लोक दारात येऊन बोलले. बाबा खाली मान घालून ऐकत होते.

आई आणि मी त्यांना पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर बाजूने बोट आणत म्हणाले, "हलवायचं नाही डोकं. दिसलं की सांगा." बाबांनी मान वळवलीच. कोंबडीसारखी. मला ती मान पाठ होती. डोळे मिटून केली असती.

"काचबिंदू," डॉक्टर म्हणाले. "गेलं ते परत येत नाही. उरलंय ते ड्रॉपवर सांभाळू. आधी यायला हवं होतं."

पाणी सोडायचं काम दुसऱ्याकडे गेलं. बाबा ओट्यावर बसतात आणि अजून म्हणतात, "त्या सरांचा कर रं." मी सरांचं करतो. बाबांचं परत कधी केलं नाही.

त्या दिवशी पनवेलहून घरी आलो, बाबा मोरीत गेले, आणि आईने मला धरलं.

"वर्गात बापाची नक्कल केलीस, त्याचा मना राग नाय. ते सोता हसले त्याच्यावर. पन एवरा बगितलास ना त्यांना? हात कसा, मान कशी, सगला बगितलास. मग घरी येऊन एकदा इचारायचास, बाबा, तुमी अशी मान का करता? तेवरा नाय झाला तुज्याच्यान. हसाला, दात काराला वेल हाय तुला. आनि उबा काय ऱ्हायलास? ती चावी उचल दारातून आदी. त्यांना दिसत नाय, पाय अरकतो."