ब्रेकमधली हवा

वडिलांची जुनी अॅम्बेसेडर अपघातानंतर लाखनीतल्या आमच्या घरामागे टिनाच्या शेडमध्ये उभी होती. महामार्गावर ती उभ्या ट्रकला मागून धडकली होती. गाडीत ते एकटेच होते, जागीच गेले. स्टेअरिंगवर डुलकी लागली असावी, असे गाव म्हणाले. पेपरातही तसेच आले. आईने ते कधी मानले नाही. "त्यायनं ब्रेक दाबला असन," एवढेच ती म्हणे.

या हिवाळ्यात मी गाडी दुरुस्तीला काढली. मिस्त्रींनी पत्रा सरळ केला, ब्रेकचे जुने पाइप काढून नवे टाकले. पाइप उघडले की आत हवा शिरते. ती काढायला एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकामागचे हवा सोडायचे निपल सैल करायचे. मी बॉनेटखाली ब्रेक ऑइल ओतत होतो. पेडलवर आई येऊन बसली.

"काकू, मी 'सोडा' म्हनेपर्यंत पाय काढाचा नाही," मिस्त्री म्हणाले.

"जनमभर बाजूच्या सीटवर बसली मी. मले नको शिकवू."

तिने चप्पल काढून ठेवली. पेडलचे रबर वडिलांच्या पायाने एका कडेला झिजले होते. तिने पाय तिथेच ठेवला. मिस्त्री मागच्या चाकाशी आडवे झाले. "दाबा."

पेडल थेट तळाला गेले.

"हे तं रिकामंच आहे," आई म्हणाली.

"हवा आहे न आत."

निपलच्या नळीतून बुडबुडे येत राहिले. चारही चाके होईस्तोवर आई दाबत होती, सोडत होती. शेवटी पेडल वरच घट्ट थांबू लागले.

"आता थांबन का गाडी?"

"थांबन, काकू."

"तवा हवाच होती मंग. त्यायनं दाबला, अन् पाय असाच खाली गेला."

मिस्त्री पाना पुसत राहिले. ही हवा कालची होती, पाइप बदलताना शिरलेली. त्या दिवशी आत काय होते, ते आता कोणालाच कळणार नव्हते. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले.

"हो," मी म्हणालो.

"मंग पेपरात छापून आण न तसं. डुलकी छापली होती न पेपरवाल्यायनं."

मी बॉनेट लावले. शेडच्या पुढे फक्त भिंत आहे. तिच्याकडे पाहत आई पेडल दाबून बसली होती.