चौथ्या करवलीचा हिरवा झगा

आमच्या आईच्या थोरल्या बहिणीला अख्खी गल्ली टाचणीमावशी म्हणते. काम करताना तिच्या ओठांत कायम टाचण्या असतात, आणि नसतात तेव्हा तिचं बोलणं टोचतं. रस्त्याकडेच्या खोलीत तिचं शिवणाचं दुकान आहे. खिडकीला लागून मशीन, मागे कापड कापायचं लांब टेबल आणि कोपऱ्यात एक उभा आरसा, त्यावर सदा चादर टाकलेली. "आरसा दिसला की बाई पोट आत घेते," मावशी म्हणते, "मग कपडा त्या खोट्या पोटाला बसतो." म्हणून तिच्याकडे मापं घेताना आरसा झाकलेलाच. चादर निघते ती कपडा तयार झाल्यावर.

तिचा खरा तोरा मात्र रंगांचा. दोऱ्यांचा खण ओढायचा, त्यातलं एक रीळ उचलायचं आणि कापडावर धरायचं. दोरा कुठे संपला आणि कापड कुठे सुरू झालं, कळायचं नाही. गिऱ्हाईक वा म्हणालं की ही बाई अशी तोंड फिरवायची, जणू कुणी शिवीच दिली. आतून सुखावलेली असायची, हे मी छातीठोकपणे सांगते.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा करवल्यांचे झगे मावशीच शिवणार, हे वेगळं बोलायचीही गरज पडली नाही. करवल्या आम्ही चौघी: ताईच्या दोन मैत्रिणी, नवरदेवाची बहीण आणि मी. ताईला सगळं एकसारखं हवं होतं. एकच फिकट निळा, एकच गळा, एकच घेर. शाळेत असल्यापासून हे चित्र तिच्या डोक्यात पक्कं होतं. तो खोल गळा मला अजिबात शोभत नव्हता, पण धाकट्या बहिणीला विचारतंय कोण! त्यातून माझी उंची. आणलेलं कापड तिघींतच संपलं. मावशी कुरकुरत पुन्हा बाजारात गेली आणि माझ्यासाठी 'तेच' कापड घेऊन आली.

झगे तयार झाले, आम्ही घालून उभ्या राहिलो, चादर निघाली. आरशात तीन निळ्या करवल्या होत्या आणि एक हिरवी. हिरवी मी.

आईने बोलायला तोंड उघडलं, तोच ताईने तिच्या दंडाला असा चिमटा काढला की आईचं वाक्य आतल्या आत जिरलं. मावशी गुडघ्यांवर बसून माझा घेर सारखा करत होती. "बघा, एका ताग्यातले वाटतात की नाही!" ती टाचण्यांआडून म्हणाली.

ताईने तिन्ही निळ्या झग्यांवरून एकदा नजर फिरवली. मग ती अगदी सहज म्हणाली, "मावशी, रागवू नकोस हं. पण मला आता वाटतंय, चौघींचे रंग वेगवेगळे असते तर जास्त छान दिसलं असतं."

"शिवून झाल्यावर सुचलं होय गं?"

"हो ना. अक्कल उशिरा आली."

बाहेर पडल्यावर मी रस्त्यातच तिच्याशी भांडले. "लग्न तुझं आहे. सरळ सांग ना तिला!"

"सांगू? मागे एकदा एका गिऱ्हाइकाची बाही बोटभर तिरकी गेली, तर महिनाभर मशीनला हात लावला नाही तिने. आई कामावरून येईपर्यंत आपण त्या टेबलाखाली वाढलोय. झग्यापायी मी तिचा हात थांबवू?" ताई म्हणाली. अशा वेळी मला फार राग येतो, कारण ताईचं बरोबर असतं.

एका मैत्रिणीचा निळा तसाच राहिला, माझा हिरवाही. उरलेल्या दोघींसाठी ताईने फिकट जांभळं आणि करडं कापड आणलं. गळेही जिचे तिने निवडायचे ठरले. उरलेल्या हिरव्या तुकड्यातून मला बंद गळा मिळाला, मी कशाला तक्रार करतेय! मावशीने तोंडाचा पट्टा चालू ठेवून सगळं शिवलं. उलट तिनेच तोड काढली, की रिकामा झालेला एक निळा झगा उसवून चौघींना कमरेचे पट्टे करायचे, म्हणजे रंग वेगळे असले तरी चौघी एका घरच्या वाटतील.

माझा पट्टा बसवताना दुकानात आम्ही दोघीच होतो. मावशीने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. "तुझा झगा कुठल्या रंगाचा आहे?"

मी इकडेतिकडे बघायला लागले.

"डोळ्यांवर साय आलीय गं माझ्या. पण चिमटा काढलेला दिसतो मला."

"हिरवा," मी म्हटलं.

ती खुर्चीत बसली. हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला कळलंय, हे तिला सांगू नकोस. लग्न होऊ दे, मग डॉक्टरला डोळे दाखवीन." आणि टाचण्या परत ओठांत गेल्या.

पुढचे दिवस माझे फार हाल झाले. ताई विचारायची, मावशीला संशय नाही ना आला? मावशी विचारायची, ताईला काही बोलली नाहीस ना? मी दोघींना नाही नाही म्हणत फिरत होते. लग्न छान झालं. नवरदेवाच्या काकू करवल्यांवरून नजर फिरवून म्हणाल्या, "ही कल्पना कुणाची?" ताईने मावशीकडे बोट दाखवलं आणि मावशीने ताईकडे.

पुढे मावशीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि घरी आल्याबरोबर तिने मला हिरवा झगा आणायला सांगितला. तिच्याकडे उरलेला, न उसवलेला एक निळाही काढायला लावला. दोन्ही मांडीवर घेऊन ती दुकानाच्या दारात, उजेडात बसली.

"चांगला हिरवा आहे गं," ती म्हणाली. "धड दिसत असतं, तर मी असा कधी निवडला नसता." मग निळ्यावर हात फिरवत राहिली. "आणि हा हवा होता तिला. शाळेपासून. पोरगी हसत म्हणाली, वेगवेगळे छान दिसतील."

तिचे डोळे भरून आले. मी घाईघाईने म्हटलं, "मावशी, डॉक्टरांनी डोळ्यांत पाणी आणू नका म्हणून बजावलंय."

"मला बजावलंय ना?" ती म्हणाली. "मग तू रड."