पाखऱ्या लंगडत नव्हता

वसंत पंचमीला मंठ्याबाहेरच्या माळावर शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, भरायचा. दोन बैल, मागे हलका छकडा आणि छकड्यावर पाय रोवून उभा असलेला धुरकरी. त्याला बसायला जागा नसते, धरायला कासऱ्याशिवाय काही नसतं. आमच्या गावच्या अप्पारावांची जोडी मच्छिंद्र हाकायचा. माणूस अंगानं काटकुळा, बोलायला कमी. पण छकड्यावर चढला की वाऱ्यात उभ्या ज्वारीच्या धाटासारखा दिसायचा. लवेल, पण मोडणार नाही. बैलांना त्यानं कधी चाबूक दाखवला नाही. जीभ टाळूला लावून टक् करायचा आणि जोडी सुटायची. आमच्या गावाला त्या एका आवाजाचा मोठा गर्व होता.

बहात्तरचा दुष्काळ सरला, दोन सुगी आल्या, आणि हुरड्याच्या दिवसांत मच्छिंद्रला शेतात फीट आली. बघायला एकटी बायको होती, गिरिजाबाई. आधी डाव्या हाताचा अंगठा आपोआप उडायला लागला, मग तो आडवा झाला, तोंडाला फेस आला. पुढच्या आठवड्यात घरात तसंच झालं, तसाच अंगठा आधी उडाला. तेव्हा कापड घ्यायला चाललो असं शेजारी सांगून दोघं जालन्याला गेले. नवीन जालन्यात स्टेशनजवळ एक डॉक्टर होते. त्यांनी तपासून गोळ्या दिल्या.

"एक दिवससुद्धा चुकवायचं नाही. विहिरीच्या काठावर जायचं नाही, गाडी हाकायची नाही."

"हे कुणाला कळंल का, डाक्टरसाहेब?" मच्छिंद्रनं विचारलं.

"माझ्या तोंडून कुणालाच नाही. पण ज्याचा छकडा हाकता, त्याला तुम्ही सांगा. ते तुमचं काम."

परतीच्या वाटेवर गिरिजाबाई म्हणाली, "मंग सांगता न्हवं अप्पारावांना?"

"डाक्टर मोटारगाडीचं म्हणत व्हते."

"मोटारगाडी हाये का आपल्या दारात?"

मच्छिंद्र हसला नाही. "गिरजे, सांगितलं की लोक माझ्या नाकाला चप्पल लावाया धावतील. अन छकड्यावर दुसरा उभा राह्यल. मंग मी कोण?"

अप्पारावांना त्यानं सांगितलं नाही; गोळी मात्र नेमानं घ्यायचा, आणि पंचमीपर्यंत अंगठा शांत राहिला.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पटाच्या दिवशी धुरकरी निर्जळी उपास करतो. जोडी पळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. बैल उपाशी नसतात, माणूस असतो. त्या सकाळी मच्छिंद्र अंघोळ करून, बैलांच्या पाया पडून निघून गेला. गिरिजाबाईनं झाडताना पाहिलं, तर भिंतीतल्या देवळीत त्या दिवसाची गोळी तशीच होती.

आमच्याकडे बाया पटाला जात नाहीत. ती गेली. पदराला गोळी बांधून, लोटा घेऊन, ढेकळांतून जवळजवळ पळतच गेली.

माळावर माणसांची दुहेरी भिंत उभी होती आणि तिच्यामधून पटाची धाव गेली होती. अप्पारावांची जोडी, पाखऱ्या आणि चांद्या, छकड्याला जुंपलेली होती. गिरिजाबाईला पाहून लोक बाजूला झाले; घरी कुणी गेलं की काय, असं त्यांना वाटलं असावं.

"गोळी घ्या," ती हळूच म्हणाली.

"येडी झाली का? सगळे बघून राह्यले. उपास मोडला तर का मोडला म्हणून इचारतील."

"मंग सांगा."

"बिलकुल न्हाई. दोन पळाचं काम हाये. पळवून आलो की घेतो."

तेवढ्यात तिची नजर त्याच्या हाताकडे गेली. कासरा डाव्या हातात होता, आणि अंगठा कासऱ्यावर उडत होता. त्यानंही पाहिलं. त्यानं अंगठा मुठीत दाबून धरला आणि छकड्यावर पाय ठेवला.

गिरिजाबाई वळली आणि सरळ अप्पारावांसमोर जाऊन उभी राहिली. आयुष्यात ती त्यांच्याशी पदर सावरल्याशिवाय बोलली नव्हती. आज पदराचं भान नव्हतं. कानाजवळ जाऊन तिनं चार वाक्यांत सगळं सांगितलं.

अप्पारावांनी पागोटं नीट केलं. समोर झेंडीवाला हात वर करायच्या बेतात होता. मग ते ओरडले, "थांबा! जोडी सोडा. पाखऱ्या लंगडून राह्यलाय!"

माळावर हशा पिकला. शेजारच्या जोडीचा मालक रामकिसन पुढं आला. "काय अप्पाराव, सकाळी तर हरणावाणी आल्ता! आमची जोडी पाहून पाय धरला काय?"

"व्हय, धरला," अप्पाराव खाली बघत म्हणाले.

"विकायचा असंल तर सांगा. कसायाच्या भावात घेऊ!"

मच्छिंद्र छकड्यावरून उतरला. पाखऱ्याला त्यानं वासरू असल्यापासून वाढवलं होतं.

"पाखऱ्या लंगडत न्हाई," तो म्हणाला. आवाज बारीक होता, पण पुढच्या रांगेला ऐकू गेला. "त्याचे चारी पाय बराबर हायेत. फीट मला येती. मालक माझ्यासाठी खोटं बोलले."

हशा थांबला. कुणीतरी मागून म्हणालं, "कांदा आणा, जल्दी!"

"कांदा नको," गिरिजाबाई म्हणाली. "पाणी हाये."

साऱ्या माळासमोर त्यानं गोळी तोंडात टाकली आणि लोटा रिकामा केला.

"मी झाकत व्हतो, लेका," अप्पाराव पुटपुटले.

"माझं झाका, मालक. पण त्याचं नाव कशापायी घालवता?"

त्या दिवशी फीट आली नाही. अंगठा उडाला आणि थांबला. जोडी पळवली असती तर निभावलं असतं, असं म्हणणारे आजही पारावर भेटतील.

अप्पारावांचा धाकटा भाऊ धर्मराज छकड्यावर चढला. कासरा त्याच्या हाती देऊन मच्छिंद्र गर्दीत येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत त्यानं पट छकड्यावरूनच पाहिला होता. तिथून फक्त बैलांच्या माना दिसतात. आता त्याला दिसलं, की माणसं चाकापासून किती जवळ उभी असतात. एका म्हाताऱ्यानं नीट दिसावं म्हणून खांद्यावरच्या नातीसकट धावेत पाय टाकला होता.

झेंडी वर गेली. मच्छिंद्रनं दोन्ही हात पसरले आणि पाठीनं रेटत माणसं मागं ढकलायला सुरुवात केली.

"सरा मागं! अजून मागं! बाबा, पोरीला घेऊन मागं व्हा!"